सबबीची किंमत

गळाला लागलेला मासा सुटला की काठावरच्या माणसाला लगेच काहीतरी बोलावं लागतं. दोरीच कच्ची निघाली. हुक वाकला. रीलने, म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या चाकाने, ऐन वेळी दगा दिला. आसपास कुणी नसलं तरी तो हे स्वतःशी पुटपुटतो. सामान स्वस्तातलं असलं की असं पुटपुटायची सोय असते, आणि ती केवढी मोठी सोय होती हे महागडं सामान हातात आल्यावर कळतं. रॉडवर मोठं नाव, रीलवर मोठं नाव, दोरीच्या रिळावरसुद्धा मोठं नाव, आणि तरीही मासा गेला, तर बोट कुणाकडे दाखवणार? नावाजलेल्या कंपनीला आपण जे जादा पैसे मोजतो ते माशांसाठी मोजतो असं मला वाटत नाही. आपण एकेक सबब विकत घेऊन तिची वासलात लावत असतो. आता कुठली सबब एवढे पैसे टाकून संपवण्याच्या लायकीची आहे, एवढंच बघायचं.

हुकाची सबब नक्कीच त्या लायकीची आहे. सगळ्या सामानात माशाच्या तोंडात रुतते ती ही एकच वस्तू, आणि काटकसर नेमकी हिच्यावर होते, कारण ती डबीत पडून असते आणि कुणाला दिसत नाही. रॉड खांद्यावर मिरवता येतो, हुक नाही. खरं तर हुकाचं सगळं मर्म पोलादाला दिलेल्या पाण्यात, म्हणजे ते तापवून थंड करण्यात, असतं. पोलाद मऊ राहिलं तर जोर आल्यावर हुक उघडतो, जास्त कडक झालं तर काडकन मोडतो. नॉर्वेची मुस्टाड कंपनी १८७७ पासून हुक बनवते आहे. इतकी वर्षं एकच वस्तू बनवणाऱ्याकडून आपल्याला मिळतं काय, तर पाकिटातला पहिला हुक आणि शेवटचा हुक सारखेच वागतील याची बऱ्यापैकी खात्री. स्वस्त पाकिटात प्रत्येक हुकाचा स्वभाव निराळा. त्यातला एखादा उत्तम निघतोही, पण मासा त्यालाच लागेल असं थोडंच आहे! धार बघायची तर हुकाचं टोक अंगठ्याच्या नखावरून हलकेच ओढावं. रुतून थांबलं तर ठीक, घसरलं तर बोथट. सगळ्या खर्चात हुकांचा वाटा इतका किरकोळ असतो की इथे चांगल्या नावाला नाही म्हणणं हा निव्वळ हट्ट आहे.

दोरीचं प्रकरण जरा फसवं. वेष्टनावर जाडी आणि ताकद असे दोन आकडे असतात. स्वस्त दोरीत ताकदीचा आकडा कधीकधी खरा असतो, पण तो जाडी वाढवून खरा केलेला असतो. जाड दोरी कमी लांब जाते, रीलवर कमी मावते आणि पाण्यात जास्त उठून दिसते. शिवाय मधेच एखादा कमजोर तुकडा राहिलेला असला तर आख्खी दोरी त्या तुकड्याइतकीच मजबूत. इथेही पैसे जातात ते एकसारखेपणासाठी. मात्र ‘पाण्यात अदृश्य’ असं छापून विकल्या जाणाऱ्या फ्लुरोकार्बनच्या (एक प्रकारच्या प्लास्टिकच्या) दोरीचं कौतुक बेतानेच करावं. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२ च्या आसपास आणि नायलॉनचा दीडच्याही वर. म्हणजे फ्लुरोकार्बन पाण्याला जवळचं आहे, पण पाणी नाही. आणि नायलॉन कितीही नामांकित असो, उन्हात खितपत पडलं की ते कमजोर होतंच. जुन्या महागड्या दोरीपेक्षा ताजी साधी दोरी मी डोळे मिटून घेईन. गाठ आवळण्याआधी ती ओली करायची हेही कुठलं वेष्टन ठळक अक्षरांत सांगत नाही. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि दोरी तिथेच दुबळी होते.

खरी गंमत रीलमध्ये आहे. जपानची शिमानो १९२१ साली सुरू झाली ती सायकलींचे भाग बनवत. मासेमारीच्या सामानाकडे ती १९७० च्या सुमाराला वळली. स्वीडनची अबूसुद्धा १९२१ चीच, आणि रीलकडे वळण्याआधी ती टॅक्सीचे मीटर बनवायची. दातेरी चाकं अचूक कापण्याची सवय त्या हातांना आधीपासूनच होती, आणि रील म्हणजे शेवटी दुसरं काय असतं? नवीन असताना स्वस्त रीलही लोण्यासारखं फिरतं. फरक पडतो तो वापरानंतर. चाकांचे दाते झिजतात, मूठ फिरवताना हाताला खरखर जाणवते, आणि मग उघडून बघावं तर सुटा भाग कुठेच मिळत नाही. चांगल्या कंपनीच्या रीलसोबत सगळ्या भागांचा क्रमांकासहित नकाशा येतो. माझ्या लेखी तो कागद रीलवरच्या सोनेरी अक्षरांपेक्षा मोलाचा.

त्याहून मोलाचा ड्रॅग. मासा जोरात पळाला की दोरी तुटू न देता थोडी थोडी सोडणारी ही यंत्रणा म्हणजे एकमेकांवर दाबलेल्या चकत्यांची चळत. दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर तो लावावा असा सर्वसाधारण संकेत आहे. हलक्या दर्जाच्या ड्रॅगचा दोष असा की तो सुटायच्या क्षणी अडतो. मग एकदम झटक्याने सुटतो, पुन्हा अडतो. माशाच्या पहिल्या धावेतला तो एक झटका दोरीला पुरतो. म्हणून रील निवडताना मी ड्रॅग ढिला करून दोरी हाताने अगदी सावकाश ओढून बघतो. ती धक्का न देता सुटली पाहिजे. लोक मात्र बेअरिंग मोजतात. खोक्यावर मोठा आकडा छापायला काहीच लागत नाही. खाऱ्या पाण्याला तोंड देणारी मोजकी चांगली बेअरिंग गंजणाऱ्या डझनभरापेक्षा बरी, पण ‘मोजकी चांगली’ असं खोक्यावर कोण छापणार?

बरं, ‘ब्रँडचं’ म्हणजे तरी नक्की कुणाचं? अबू गार्सिया, पेन, मिचेल, बर्कली ही एकेकाळची वेगवेगळी नावं आज प्युअर फिशिंग या एकाच छत्राखाली आहेत. शिवाय प्रत्येक मोठी कंपनी अगदी साधं रीलही विकते आणि डोळे फिरवणारंही, नाव दोन्हींवर तेच. नाव बघून घेणाऱ्याला बहुतेक वेळा त्या घराण्यातलं धाकटं भावंड मिळतं. पायरीपायरीने वर गेलं तर पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर पैशाला पुरेपूर मोल मिळतं. पुढे किंमत जोरात चढते आणि सुधारणा बेतास बात उरते: थोडं वजन कमी, थोडी चकाकी जास्त.

रॉडच्या बाबतीत तर वर चढणं कधी अंगाशीही येतं. महागड्या कार्बनचा रॉड हलका असतो, माशाचा नुसता स्पर्शही हाताला पोचवतो. पण तोच होडीच्या काठावर आपटला तर आत न दिसणारी इजा होते आणि पुढे कधीतरी भर ताणात तो मोडतो. फायबरग्लासचा जड, सुस्त रॉड असे दणके मुकाट सोसतो. नवशिक्याला तोच द्यावा. रॉडवरच्या, दोरी जिच्यातून जाते त्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवून बघावा. धागा अडकला तर तिथे चीर आहे, आणि ती चीर दोरी कापणार.

ब्रँडविरोधी मंडळींचा एक लाडका दाखला आहे. जॉर्ज पेरीने २ जून १९३२ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा विक्रमी लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला एक मासा) पकडला. दिवस मंदीचे, आणि सोबत्याचा नि त्याचा मिळून एकच रॉड होता असं सांगतात. २००९ साली जपानमधल्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने २२ पौंड ५ औंसांचा पकडला. जुना विक्रम मोडायला दोन औंस जास्त लागतात, म्हणून बरोबरी जाहीर झाली. म्हणजे सत्त्याहत्तर वर्षांत एवढ्या साऱ्या कारखान्यांनी मिळून प्रगती केली ती एका औंसाची! दाखला मजेदार आहे, मलाही आवडतो. पण पेरीच्या हातून किती मासे सुटले याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

राहिली कृत्रिम आमिषं. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ च्या सुमाराला पहिलं आमिष कोरलं ते बुचाच्या लाकडातून, वर चॉकलेटची चांदी गुंडाळून. मुलामा द्यायला फोटोंच्या निगेटिव्ह वितळवल्या. आजचा एवढा मोठा ब्रँड जन्मला तो असा घरगुती टाकाऊतून. ते आमिष चाललं ते जखमी माशासारखं लडखडत पोहत होतं म्हणून, आणि तसं लडखडणं जमवणं आजही सोपं नाही. स्वस्त नकला बऱ्याचदा एका अंगावर कलतात किंवा गरगर फिरतात. रंगांचं मात्र माशाला किती पडलेलं असतं देव जाणे. खोक्यातले निम्मे रंग माणसाला गळाला लावण्यासाठीच असावेत.

महाग आमिषाचा आणखी एक तोटा आहे, तो म्हणजे ते टाकवत नाही. पाण्यात बुडालेलं झाड, खडकांची खोबण, शेवाळाची दाटी दिसली की हात आखडतो, आणि आमिष जातं मोकळ्या, स्वच्छ, बिनधोक पाण्यात. मासे दडून बसलेले असतात त्या झाडाखाली. म्हणून अडचणीच्या जागी मी स्वस्तातलं, हरवलं तरी जीव न हळहळणारं आमिष टाकतो. ते थोडं वाकडं पोहलं तरी चालतं, कारण तिथे त्याला फार लांब पोहायचंच नसतं. फक्त ते ज्या हुकावर आहे तो बदलून चांगला लावलेला असतो आणि दोरी एक घर जाड घेतलेली असते. झाडाखालून मासा ओढून काढायचा तर तिथे ड्रॅगचे लाड करायला वेळ मिळत नाही. आवळून धरावा लागतो.