डिचोलीचं घुमट: आधी माती, मग चामडं

गोव्यातल्या डिचोलीच्या कुंभारकाकांनी फळीवरचं एक भाजलेलं घुमट, म्हणजे आरतीत वाजणाऱ्या वाद्याचं मातीचं अंग, उचललं, बोटाच्या पेरांनी त्याच्या पोटावर टकटक केलं आणि खाली ठेवून दिलं. दुसरं उचललं. पुन्हा टकटक, पुन्हा खाली. तिसऱ्याशी मात्र ते थांबले आणि माझ्या कानाजवळ धरून परत वाजवलं. पहिली दोन मडक्यासारखी बद्द बोलली होती, याचा नाद रेंगाळला. "चामडें उपरांत. आदीं माती आयकात," काका कोकणीत म्हणाले. चामडं नंतर, आधी माती ऐका.

हे ऐकण्यासाठी मी मे महिन्याच्या उन्हात बेळगावहून चोर्ला घाट उतरून, केरी आणि साखळी मागे टाकत डिचोलीच्या कुंभारांकडे आलो होतो. आदल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, फोंड्याजवळ मित्राच्या घरी घुमट-आरती ऐकली होती. शब्द आपलेच, मराठी, लहानपणापासून पाठ असलेले. पण चाल ऐसपैस, एकेका ओळीला घोळवत नेणारी, आणि खाली चार घुमटं, काठ्यांनी वाजवायचा एक शामेळ, कासाळ्यांची म्हणजे झांजांची जोडी. घरी आम्ही पाच मिनिटांत आटोपतो ती आरती तिथे रात्र चढेपर्यंत चालली होती. तेव्हापासून ते घुमणं कानातून जात नव्हतं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: घुमट म्हणजे तळ नसलेलं मडकं. एका बाजूला मोठं तोंड, त्यावर चामडं. मध्ये फुगीर पोट. दुसऱ्या टोकाला अरुंद गळा, तो उघडाच. दोरीने गळ्यात अडकवायचं, उजव्या हाताने चामड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकत-उघडत राहायचं. दक्षिणेतल्या घटमला चामडं नसतं, तिथे मातीच थेट बोलते. घुमटात माती आणि चामडं दोघांनी मिळून बोलायचं असतं.

काकांच्या अंगणात मी दोन दिवस बसून होतो. शेतातली माती भिजवून, खडे वेचून, पायाने तुडवून लोण्यासारखी केलेली. चाकाला आता मोटर आहे. घट वर येताना काकांची बोटं आतून-बाहेरून सारखी भिंत चाचपत होती. भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ राहिली की वाळताना दोन्ही बाजू सारख्या आक्रसत नाहीत आणि केसासारखी चीर पडते. अशा चिरेतून माठाचं पाणी गळतं, तर घुमटाचा नाद मरतो. म्हणून ते उन्हात नाही, सावलीत वाळवायचं, आणि मोठ्या तोंडाचा काठ नीट बाहेर वळवायचा, दोरीला तिथेच पकड मिळते.

मला सर्वात आवडलं ते भाजणीविषयी त्यांनी समजावलेलं. माठाला पाझर हवा, त्यानेच पाणी गार होतं. घुमट मात्र पक्कं भाजलेलंच हवं. भट्टीच्या कडेला राहिलेलं कच्चं निघालं तर त्यावर कितीही चांगलं चामडं चढवा, ते घुमत नाही. एकच माती, एकच चाक, आणि तरी दोन वस्तूंना आगीकडून वेगळं काही हवं असतं. आरतीच्या फडांमध्ये वादकांची नावं गाजतात, गाजायलाच हवीत. पण अर्धा सूर या अंगणात आधीच लागलेला असतो आणि तो लावणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

चामड्याचा विषय टाळता येत नाही. पूर्वी घुमटावर घोरपडीचं कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, आणि आता बकरीचं चामडं चढवतात. २०१९ मध्ये गोव्याने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, तोही बकरीच्या चामड्यावरच्या घुमटाला. जुने वादक म्हणतात, तो धारदार आवाज गेला. असेलही. पण एका वाद्यासाठी एक घोरपड मारायची, हा हिशेब मला पटत नाही. बकरीचं चामडं पातळ तासून, भिजवून, ताणून काठाखाली दोरीने आवळलं आणि उन्हात कडक वाळू दिलं की जे वाजतं ते माझ्या कानांना पुरेसं होतं. काकांचा पुतण्या ते काम करतो. त्याने माझं घुमट मढवलं आणि पहिला धडाही दिला. उजवा हात मला तासाभरात जमला. डावा अजून जमत नाही. मागचं तोंड किती वेळ झाकायचं आणि कधी सोडायचं, यातच सगळी गंमत आहे: झाकलं की आवाज आत दबतो, सोडला की उसळून बाहेर येतो.

हेच वाद्य ख्रिस्ती घरांत मांडो या कोकणी गीतांना व्हायोलिनच्या सोबतीने वाजतं, शिगम्यात म्हणजे गोव्याच्या होळीत आणि जागोर या लोकनाट्यात वाजतं, आणि सुवारी या वादनप्रकारात तर शब्दांशिवाय, निव्वळ लयीवर पुढे जातं. देवघर बदललं तरी मडकं तेच, हे मला फार मोलाचं वाटतं.

चवथीला मी घुमट घेऊन परत फोंड्याला गेलो. बाहेर धो-धो पाऊस, हवा ओली, चामडं सैल पडलेलं. थाप मारली तर नुसता फदफद आवाज. यजमानांच्या आजोबांनी घुमट माझ्या हातून घेतलं आणि चुलीच्या धगीवर, हात-दीड हात उंच धरून फिरवत राहिले. मध्येच एक टिचकी, पुन्हा धग. पाचेक मिनिटांनी चामड्यातून टणत्कार आला तसे ते उठले, घुमट माझ्या गळ्यात अडकवलं आणि म्हणाले, "वाजोवन पळयात." वाजवून बघा. शामेळावर काठ्या पडल्या, कासाळी झणाणली, आणि मी डावा तळवा मागच्या तोंडावर ठेवला.