त्सागाननूर: गोठलेल्या जमिनीवरची वाट

खुव्सगुल प्रांताचं मुख्य ठिकाण मुरुन, तिथून त्सागाननूर गाव साधारण तीनशे किलोमीटर. पण मंगोलियाच्या या उत्तर टोकाला अंतर विचारू नये, पाऊस कधी झाला ते विचारावं. उलानबातरहून मुरुनपर्यंत डांबरी रस्ता आहे, पुढे नुसत्या चाकोऱ्या. आम्ही नेहमीची रशियन फुरगॉन व्हॅन घेतली. कोरड्यात दहा-बारा तास लागतात. ओल असेल तर वाटेत उलान-ऊलला मुक्काम धरूनच निघावं. त्सागाननूर हा सीमेलगतचा सुम, म्हणजे आपल्या तालुक्यासारखा. त्यामुळे सीमाक्षेत्राचा परवाना आधीच काढून ठेवावा लागतो.

पूर्वेला होरिदोल सारिदागची डोंगररांग, पश्चिमेला उलान तैगाची आणि मध्ये दारखादचं सपाट खोरं. हिमयुगात शिशगेद नदीची घळ हिमनदीने बुजली आणि अख्ख्या खोऱ्याचं तळं झालं. त्याच्या काठाच्या रेषा तिरप्या उन्हात डोंगरउतारांवर आजही दिसतात. त्या पाहायला गाडी जरूर थांबवावी. नदी आता पश्चिमेला रशियातल्या तुवात उतरून येनिसेई नदीला मिळते. तळं गेलं, पण गाळाखालची जमीन बारमाही गोठलेली आहे. उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो, पाण्याला खाली मुरायला जागाच नसते. खोऱ्यातली असंख्य तळी आणि दलदल यातूनच आली.

म्हणून सर्वात हिरवंगार दिसतं तिथेच गाडी फसते. ड्रायव्हर आधी उतरून पायाने दाबून बघतो, तेव्हा घाई करू नये. रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की चाक स्वतःच खड्डा खणतं आणि गाडी पोटावर टेकते. जॅकखाली रुंद फळी हवीच, नाहीतर जॅकच चिखलात जातो. चाक उचलून खाली लार्च झाडाचे ओंडके सारायचे, मग हळूच पहिल्या गिअरवर बाहेर. हिवाळ्यात हेच पाणी कडक गोठतं आणि वाट सरळ होते, पण थंडी उणे चाळीसपर्यंत उतरते.

इथल्या रेनडिअर पाळणाऱ्या दुखा लोकांचे कळप या खोऱ्यात उन्हाळा काढत नाहीत. त्यांना गारवा हवा, माश्यांपासून सुटका हवी आणि दगडफुलाच्या जातीचा चारा हवा. तो वर तैगात, म्हणजे डोंगरावरच्या थंड जंगलात मिळतो. दुखांचे मुक्काम हलत असतात, त्यामुळे सध्याची जागा त्सागाननूरलाच विचारून घ्यावी. गाडीवाट संपली की पुढे घोडा: पूर्व तैगाला अर्धा दिवस, पश्चिमेला बहुधा पूर्ण. सुटकेस नेऊ नका. ओझ्याच्या घोड्यावर दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या मऊ पिशव्याच बसतात, आणि ओढे ओलांडताना त्या भिजतात. कपडे आत प्लास्टिकमध्ये बांधावेत.