उणे बारा परवडलं, शून्य नको

टोरंटोत नव्याने आलेलं मराठी कुटुंब पहिल्या हिवाळ्यात हवामानाचं ॲप बघून बेत ठरवतं. उणे १२ दिसलं की गाडीची किल्ली हातात, उणे १ दिसलं की "आज बरं आहे, चालत जाऊ". करायला हवं ते नेमकं उलट. उणे १२ ला बर्फ कोरडा आणि भुसभुशीत असतो. बुटाखाली नीट दाबला जातो, जॅकेटवर पडला तर झटकला की गेला, आणि खाली पाणीच नसल्यामुळे पाय कोरडे राहतात. शून्याच्या आसपास मात्र दिवसा वितळतं आणि रात्री गोठतं. सकाळी फुटपाथवर पारदर्शक पापुद्रा, दुपारी घोटाभर राडा, आणि वरून पडतं ते अर्धं पाणीच. कॅनडातल्याच विनिपेग शहरात पारा कितीतरी खाली उतरतो, पण तिथे पडलेला बर्फ बराचसा वसंतापर्यंत टिकून राहतो. टोरंटोत तो आठवड्यातून दोनदा विचार बदलतो, आणि खरा त्रास त्याचा.

म्हणून घरापासून दीड-दोन किलोमीटरच्या आतली कामं, म्हणजे दूध, फार्मसी, वाचनालय, सबवेचं स्टेशन, ही थंड आणि कोरड्या दिवशी पायी उरकावीत. त्यात सोसण्यासारखं काही नाही. उलट गाडीच जास्त सोसायला लावते.

गाडीचा हिशेब करून बघा. दोन गाड्यांचा ड्राइव्हवे, म्हणजे घरापुढची गाडी लावायची जागा, धरा ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद. रात्रीतून १५ सेंटीमीटर पडला की झाला साडेचार घनमीटर. ताज्या, हलक्या बर्फाचं वजन घनमीटरला १०० किलोच्या आसपास, म्हणजे ४५० किलो माल फावड्याने उचलून बाजूला टाकायचा. ओला असेल तर आकडा दुप्पट-तिप्पट सहज होतो. ते आटोपून आत यावं, तोवर रस्ता साफ करणारा नांगर येतो आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी दाबलेल्या, मीठ मिसळलेल्या ढेकळांचा बांध घालून जातो. काही भागांत शहरच तो नंतर काढतं, बाकीच्यांनी परत फावडं घ्यायचं. मग काच खरवडा, टपावरचा बर्फ उतरवा (न उतरवता निघालात तर पहिल्या ब्रेकला तो पुढच्या काचेवर येतो), आणि एवढं करून जायचं कुठे, तर १२०० मीटरवर. तेवढ्यात इंजिन तापतच नाही. हीटरमधून कोमट हवा यायला लागते तेव्हा दुकान आलेलं असतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ ला पेट्रोल गाडीचं शहरातलं मायलेज सुमारे १५ टक्क्यांनी घटतं, आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेरीत २४ टक्क्यांपर्यंतही. तेच अंतर बर्फातून चालायला २० मिनिटं पुरतात. कोरड्या रस्त्यापेक्षा पाचेक मिनिटं जास्त, बस्स.

फक्त एक पथ्य पाळा. चालायची गोडी लागली आणि गाडी पंधरा दिवस जागची हलली नाही, तर थंडीत बॅटरी बसू शकते. आठवड्यातून एकदा तिला अर्धा तास हायवेवर फिरवून आणा.

आता बूट. पैसे खर्च करायचे ते इथेच, जॅकेटवर नव्हे. बुटाच्या खोक्यावर "उणे ४०" लिहिलेलं असतं, ते फक्त उबेबद्दल असतं. पकडीशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. उणे ४० चा बूट उणे २ च्या ओल्या बर्फावर खुशाल पाठीवर पाडतो. पकड ठरते तळव्याच्या रबरावरून. स्वस्तातले प्लॅस्टिकवजा तळवे थंडीत कडक होतात, आणि कडक झाले की नुसते घसरतात. टोरंटोच्या काइट संशोधन संस्थेत माणसांना सुरक्षेचा पट्टा बांधून, खऱ्या बर्फाच्या उतारावर चालवून बूट तपासतात, आणि निकाल 'रेट माय ट्रेड्स' या संकेतस्थळावर हिमकणांच्या चिन्हांत देतात. ७ अंशांचा उतार न घसरता जमला तर एक हिमकण. रस्ता ओलांडताना फुटपाथला जो उतार दिलेला असतो, त्याची शहरातली मर्यादा साधारण तेवढीच, म्हणून ७. ज्यांना एकही हिमकण मिळत नाही असे महागडे, देखणे बूट भरपूर आहेत. रबरात काचतंतूचे बारीक कण मिसळलेले तळवे सहसा वरचढ ठरतात. माप नेहमीपेक्षा अर्ध्या नंबराने मोठं घ्या. जाड मोजा घालून बोटं हलली पाहिजेत, कारण बूट आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि पाय गार पडतात. दोन मोजे कोंबून ऊब वाढत नाही, घटते.

रबरी पट्ट्याला खिळे लावलेले क्लीट्स बुटावर चढवता येतात. उघड्या, कडक बर्फावर त्यांना तोड नाही. मात्र दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर तेच खिळे घसरतात. दारात काढायचा कंटाळा येणार असेल तर घेऊच नका.

कपड्यांचं सूत्र असं: दाराबाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटं थोडं गार वाटलंच पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर दहाव्या मिनिटाला घाम फुटणार, आणि सिग्नलला थांबलात की तोच घाम हाडं गोठवणार. अंगालगत सुती बनियन नको. सूत घाम धरून ठेवतं. पातळ लोकर किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. चढ आला की चेन खाली ओढायची, वारा आला की वर. जीन्सचा तळ बर्फ पितो आणि गुडघ्यापर्यंत ओला होत जातो, म्हणून पँट बुटाच्या बाहेर घ्या आणि ती जीन्स नसलेली बरी. सलवार असेल तर खाली थर्मल घालून ती बुटात खोचा. हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे मिटन्स जास्त ऊब देतात. आणि माकडटोपीला हसू नका. महाबळेश्वरला हास्यास्पद दिसणारी ही वस्तू इथे स्कीच्या दुकानात तिप्पट भावाने विकली जाते.

तापमानाबरोबर विंड चिलचा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणाऱ्या थंडीचा, आकडाही बघायचा. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, आणि उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पांढरट, बधिर ठिपका दिसला तर चोळू नका. उबदार तळहात नुसता ठेवा आणि आत चला. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तोंडावर मफलर घेऊनच निघावं.

चालण्याची ढब थोडी बदलावी लागते. पावलं आखूड, तळवा सपाट टेकवायचा, गुडघे सैल, आणि शरीराचा भार पुढच्या पायावर. आपण एरवी टाच आधी टेकवतो. बर्फावर घसरते ती नेमकी टाच. हात खिशाबाहेर हवेत, तोल सावरायला. पडायच्या जागाही ठरलेल्या असतात: घराची पहिली पायरी, छपराची पागोळी गळून गोठते ती जागा, बस थांबते तिथली चकचकीत पट्टी, आणि लोखंडी झाकणं. भारतातून आलेले आई-बाबा बहुधा पहिल्याच पायरीवर पडतात, कारण लक्ष रस्त्याकडे असतं. पायरीवर मीठ आदल्या रात्री टाका. साधं मीठ उणे १० च्या खाली फारसं काम करत नाही. तेव्हा वाळू टाकावी. ती वितळवत नाही, पण पकड देते.

एवढी तयारी कशासाठी, असं कोणी विचारेल. बर्फ पडून गेल्याच्या पहिल्या दोन-तीन तासांसाठी. ताज्या बर्फात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात आणि त्या आवाज गिळतात. एरवी स्ट्रीटकारने (ट्रामने) गजबजलेली गल्ली अचानक खालच्या पट्टीत बोलू लागते. दुसऱ्या दिवशी वर कवच धरलं की ही किमया संपते, म्हणून जायचं ते लगेच. पारा उणे १० च्या खाली असेल तर बुटाखाली बर्फ करकरतो. तिथे कण एकमेकांवरून घसरत नाहीत, चिरडून तुटतात. कानाने तापमान ओळखायची ही युक्ती बऱ्यापैकी खरी ठरते: करकर ऐकू आली की वाट भरवशाची, पचपच ऐकू आली की जपून.

दुसरी मजा हातावर बघायची. काळा लोकरी हातमोजा दहा मिनिटं बाहेर गार होऊ द्या, नाहीतर कण टेकताच विरघळतो. मग हात पसरून श्वास दुसरीकडे सोडा. ढगात तापमान उणे १२ ते उणे १६ च्या दरम्यान असेल तर सहा फांद्यांच्या चांदण्या पडतात, प्रत्येक फांदीला पुन्हा फाटे. उणे ५ च्या आसपास त्याच बर्फाच्या सुया होतात, आणि शून्याजवळ सगळं चिकटून नुसते कापसाळ पुंजके. विल्सन बेंटली या व्हरमाँटच्या शेतकऱ्याने १८८५ मध्ये अशा कणाचा सूक्ष्मदर्शकातून फोटो घेतला. आपल्याला घड्याळजीचं दहापट भिंग पुरतं.

वाटा कोणत्या? हाय पार्क हे मोठं उद्यान आहेच. तिथे पावलांचे ठसे वाचता येतात. खारीचे पुढचे दोन पंजे शेजारी-शेजारी उमटतात, सशाचे एकामागे एक, आणि दोघांचेही मागचे मोठे पाय पुढे पडलेले असतात. खारीची ओळ झाडापाशी सुरू होऊन झाडापाशीच संपते. कुत्रा नागमोडी हुंदडतो, कायोटी (कोल्ह्यासारखा इथला रानटी प्राणी) बेताने सरळ रेषेत जातो. शहराच्या मधोमध बेल्टलाइन आहे. १८९२ ला सुरू होऊन १८९४ मध्येच प्रवासी गाड्या बंद पडलेल्या रेल्वेची ही जुनी वाट, त्यामुळे चढ-उतार जवळजवळ नाहीत आणि नवशिक्यांना उत्तम. दऱ्यांतल्या पायवाटांवर बऱ्याच ठिकाणी हिवाळ्यात देखभाल नसल्याची पाटी असते. तिथल्या लाकडी पायऱ्यांवर जायचं असेल तर क्लीट्स हवेतच.

बाजारहाटाचं थोडं सांगायला हवं. सामान पाठीवरच्या पिशवीत घ्या, हात मोकळे राहतात. दुधाची ४ लिटरची पिशवी तळाला. कोथिंबीर, मेथी आणि केळी मात्र आतल्या बाजूला, वर्तमानपत्रात गुंडाळून. उणे १२ ला २० मिनिटं उघडी राहिलेली कोथिंबीर घरी येताना ताठ आणि हिरवीगार दिसते, आणि ओट्यावर ठेवल्यावर काळी, लिबलिबीत होते, कारण पेशींतलं पाणी गोठून त्या आतून फुटलेल्या असतात. फोन आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात बॅटरी ४० टक्के दाखवत असतानाच तो बंद पडतो. मुलांची प्लॅस्टिकची घसरगाडी दोरीने ओढत नेली तर दहा किलोचं पीठही सहज येतं, फक्त मीठ टाकून कोरड्या केलेल्या फुटपाथवर ती अडते.

डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो, आणि आपल्या सगळ्यांची जॅकेटं काळी. बाहीवर परावर्तक पट्टी लावा. हिरवा दिवा मिळाला तरी गाडी खरोखर थांबतेय का ते बघून मगच पाऊल टाका. चालकाने ब्रेक दाबला म्हणजे गाडी थांबली असं बर्फात होत नाही. हुड डोक्यावर असेल तर मान पूर्ण वळवावी लागते. फुटपाथवरचा छोटा नांगर मागून निळा दिवा लुकलुकवत वेगाने येतो. दिसला की बाजूच्या ढिगाऱ्यात उभं राहावं, तो फार वळत नाही. उंच इमारतींखाली वर बघून चालावं. २००७ मध्ये सीएन टॉवर या शहरातल्या उंच मनोऱ्यावरून बर्फाचे तुकडे पडायला लागल्यावर खालचे रस्ते बंद करावे लागले होते.

आणि गोठणारा पाऊस, म्हणजे टेकताच बर्फ होणारा पाऊस, सांगितला असेल, तर ना पायी ना गाडीने. डिसेंबर २०१३ मध्ये अशाच पावसाने झाडं मोडून शहरातल्या सुमारे ३ लाख घरांची आणि दुकानांची वीज गेली होती. त्या दिवशी घरात डाळ-तांदूळ आहेत ना एवढंच बघायचं.

परत आल्यावर बूट ट्रेमध्ये काढा आणि मिठाचे पांढरे डाग त्याच दिवशी पुसा: निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर, मऊ फडकं. राहू दिले तर चामडं कोरडं पडून तडकतं. बूट हीटरच्या जाळीवर ठेवू नका, तळवा उकलतो. आतलं अस्तर निघत असेल तर ते वेगळं वाळवा, नसेल तर दुकानांच्या जाहिरातींचे कागद चुरगाळून आत कोंबा आणि झोपण्यापूर्वी एकदा बदला.