ब्रिस्टलमधली आठवड्याची एक पेनी

बाथ एका ओळीत उरकते: सुंदर आहे, गर्दी आहे, आणि त्या प्रसिद्ध गरम कुंडात बोटसुद्धा बुडवू देत नाहीत. लंडनचे दिवस तर सांगतच नाही, सगळ्यांनी तेच फोटो टाकलेत. मला लिहायचंय ते ब्रिस्टलबद्दल, तेही झुलत्या पुलाबद्दल नाही.

भाचा ब्रिस्टलच्या पूर्वेला हॅनममध्ये राहतो. त्याच्या घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा आहे, हॅनम माउंट. माउंट म्हणजे उगीच आपलं, आमच्या सांगलीकडे याला कोणी टेकाडसुद्धा म्हणणार नाही. आजूबाजूला घरं, मधे गवत, एक उंच दिव्याचा खांब आणि पल्पिटसारखा, म्हणजे चर्चमधल्या प्रवचनाच्या ओट्यासारखा, एक छोटा चौथरा. भाच्याच्या मते तिथे लोक कुत्री फिरवायला येतात, बास. एवढी वर्षं राहतो तिथे पण तो चौथरा कशाचा आहे हे बघितलेलं नाही. मी मात्र पाटी दिसली की वाचते, सवयच आहे, आणि मग रात्री झोप येईना म्हणून वाचतच बसले.

तर १७३९ साली हा सगळा भाग कोळशाच्या खाणींचा होता. किंग्सवूडचे खाणकामगार म्हटलं की शहरातले लोक नाक मुरडायचे, दंगेखोर म्हणून बदनाम, आणि त्यांच्या वस्तीत साधं चर्चही नव्हतं. त्या वर्षी फेब्रुवारीच्या १७ तारखेला जॉर्ज व्हिटफील्ड नावाचा चोवीस वर्षांचा पोरगा, ख्रिस्ती प्रवचनकार, ग्लॉस्टरच्या एका सराईत वाढलेला, ऑक्सफर्डला श्रीमंत विद्यार्थ्यांची कामं करून शिकलेला, तो या लोकांसमोर उघड्यावर उभा राहिला आणि बोलायला लागला. ब्रिस्टलच्या चर्चवाल्यांनी दारं लावून घ्यायला सुरुवात केली होती, म्हणून उघड्यावर. पहिल्या दिवशी दोनेकशे माणसं. काही आठवड्यांत त्याच्याच अंदाजानं हजारो, मग दहा हजार, मग वीस हजार. आता वक्त्यानं स्वतः मोजलेली गर्दी किती धरायची ते आपल्याला सभांवरून माहीत आहेच. पण त्यानं एक गोष्ट लिहून ठेवलीय ती मी दोनदा वाचली. खाणीतून थेट आलेले ते लोक रडायला लागले आणि त्यांच्या काळ्या गालांवरून अश्रूंचे पांढरे ओहोळ दिसायला लागले, तेव्हा त्याला कळलं की आपलं बोलणं पोचतंय.

हे वाचल्यावर मला तो आवाज ऐकायचाच होता, पण ते काही शक्य नाही. पुढचं वाचलं तर बेंजामिन फ्रँकलिन, तोच तो विजेचा आणि पतंगाचा, त्यालाही हीच खाज होती. त्याच वर्षी व्हिटफील्ड अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेला, कोर्टाच्या पायऱ्यांवरून बोलत होता, तर फ्रँकलिन नदीच्या दिशेनं मागे मागे सरकत गेला, आवाज कुठपर्यंत येतो ते बघितलं, मग तेवढ्या त्रिज्येचं अर्धवर्तुळ धरून माणशी दोन चौरस फूट असा हिशोब मांडला आणि तीस हजारांहून जास्त लोकांना ऐकू जाईल असं उत्तर काढलं. हा माणूस मला फार आवडला. सगळे भक्तीत बुडालेले आणि हा पावलं मोजतोय! आणि याच फ्रँकलिननं नंतर कधीतरी ठरवलं होतं की व्हिटफील्डच्या झोळीत एक पैसा टाकायचा नाही, भाषण ऐकता ऐकता तांब्याची नाणी द्यायचं ठरलं, मग चांदीची, आणि शेवटी खिशातलं सोनंसुद्धा रिकामं करून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला म्हटलं, चल, तू चौथऱ्यावर उभा राहा. तो म्हणाला, "मावशी, लोक बघतील." म्हटलं बघू देत, तुला कोण ओळखतंय. मग तो उभा राहिला, आता बोलायचं काय, तर त्याला ठाण्याच्या लोकलची अनाउन्समेंट तोंडपाठ आहे, "पुढील स्टेशन मुलुंड" पासून सुरू झाला. मी मागे मागे सरकत गेले. वारा इतका की मुलुंड ऐकू आलं, नाहूर अर्धंच आलं आणि भांडुपला त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते. फ्रँकलिनच्या हिशोबानं आमची सभा फार तर एका लग्नाच्या पंगतीएवढी भरली असती. एक बाई कुत्र्याला घेऊन जात होत्या, त्या थांबून विचारायला लागल्या सगळं ठीक आहे ना. भाचा लाल झाला. मी हात हलवून त्यांना सांगितलं की प्रॅक्टिस चाललीय. इथे एक तक्रार नोंदवते, अख्ख्या त्या माउंटवर चहाची सोय नाही.

मग शहरात, ब्रॉडमीडला. हा सगळा दुकानांचा भाग आहे, तेच ते ब्रँड, त्याच त्या पिशव्या. आणि दुकानांच्या मधे घुसवल्यासारखी न्यू रूम. जगातलं सगळ्यात जुनं मेथडिस्ट चॅपल. मेथडिस्ट म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ, आणि चॅपल म्हणजे त्यांचं प्रार्थनाघर. गाडी लावायला जे पैसे घेतले त्यात आमच्याकडे चार माणसं जेवली असती, म्हणून भाच्याचं आधीपासूनच घड्याळाकडे लक्ष.

व्हिटफील्डला अमेरिकेतल्या जॉर्जियाला जायचं होतं, मागे हे हजारो लोक कोणी सांभाळायचे म्हणून त्यानं जॉन वेस्लीला बोलावून घेतलं. वेस्ली त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठा, पाळकाचा मुलगा, ऑक्सफर्डचा, टापटिपीचा माणूस. यावं की नाही हे ठरवायला लंडनच्या त्याच्या मंडळींनी चक्क चिठ्ठ्या टाकल्या होत्या! आला, पण मैदानात प्रवचन ही कल्पनाच त्याला झेपेना. त्यानं स्वतः लिहिलंय की चर्चबाहेर आत्म्याचा उद्धार करणं हे मला जवळपास पापच वाटायचं. तरी २ एप्रिलला एका वीटभट्टीच्या जागेत उभा राहिला, समोर तीनेक हजार लोक. आणि १२ मे ला लगेच या न्यू रूमच्या बांधकामाची पायाभरणी. सव्वा महिन्यात! व्हिटफील्डला गर्दी मिळाली आणि यानं आल्या आल्या जागा बघितली.

आत गेलं की बाहेरचा सगळा गोंगाट बंद होतो. छताला अष्टकोनी काचेचा घुमट आहे, उजेड तिथून येतो. खालच्या बाजूला खिडक्या नाहीत, दगड मारणाऱ्या जमावापासून वाचायला तसं केलं असं सांगतात. दोन मजली पल्पिट. वरच्या मजल्यावर फिरत्या प्रवचनकारांच्या खोल्या, तिथून खाली डोकावायला खिडकी. चॅपल फुकट बघता येतं, वरच्या म्युझियमला तिकीट आहे. भाचा म्हणाला खालचं बघितलं ना, झालं की. मी तिकीट काढलं. वेस्लीनं गरिबांसाठी औषधोपचाराचं पुस्तक लिहिलं होतं, १७४७ साली, त्यात टकलावर आधी कांदा चोळा मग मध लावा असा उपाय आहे. यांना फोनवर सांगितला, फोन ठेवून दिला यांनी.

तिथे एक वयस्कर गृहस्थ स्वयंसेवक म्हणून बसले होते. इंग्रज लोक पाहुणचारात कमी पडतात असं माझं स्पष्ट मत आहे, पण या काकांनी ते बरंच खोडलं. मी म्हटलं मी पतसंस्थेतून रिटायर झालेय, वसुली विभाग. तर त्यांचे डोळे चमकले आणि म्हणाले मग तुम्हाला कॅप्टन फॉयची गोष्ट सांगायलाच हवी.

न्यू रूम बांधून कर्ज झालं होतं. १५ फेब्रुवारी १७४२ ला बैठक बसली, पैसे फेडायचे कसे. कोणीतरी म्हणालं प्रत्येक सभासदानं आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला गरीब आहेत लोक, कुठून देणार. तेव्हा हा फॉय उठला, म्हणाला त्यातले सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. देतील ते घेईन, नाही दिलं तर त्यांचं मी भरीन.

मी खरंच खाली बसले. अहो, हा तर आमचा पिग्मी एजंट! सायकलवरून दुकानादुकानात जाऊन रोजचे दहा-वीस रुपये गोळा करणारा, ज्याला बँकेच्या मॅनेजरपेक्षा गावाची जास्त माहिती असते, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण पुन्हा प्यायला लागलंय, कुठल्या दोन भावांत बोलणं बंद झालंय. आणि इथेही हुबेहूब तेच झालं. पेनी गोळा करायला घरोघरी जाणारे लोक परत येऊन वेस्लीला सांगायला लागले की अमका नवरा बायकोशी भांडतो, तमका दारूत आहे. वेस्लीच्या लगेच लक्षात आलं की आपल्याला इतके दिवस हवं होतं ते हेच. कर्जफेडीची योजना बाजूला राहिली आणि त्यातून क्लास मीटिंग उभी राहिली, डझनभर माणसांचा गट, एक प्रमुख, दर आठवड्याला भेट, दर तिमाहीला सभासदत्वाचं तिकीट. वागणूक सुधारली नाही तर तिकीट नाही.

आणि हिशोब किती पक्का! न्यूकॅसलला मार्च १७४३ मध्ये त्यानं ६४ जणांना काढलं त्याची कारणवार यादीच दिलीय. शिव्याशाप २, रविवार न पाळणं २, दारू पिणं १७, दारू विकणं २, भांडणं ३, बायकोला मारणं १, सतत खोटं बोलणं ३, निंदानालस्ती ४, आळस १, आणि २९ जण नुसत्या उथळपणाबद्दल. बेरीज बरोबर येते, मी करून बघितली. फक्त एवढ्या मोठ्या गावात बायकोला मारणारा एकच सापडला यावर माझा काडीचा विश्वास नाही, आणि थट्टामस्करी करणाऱ्या २९ जणांबद्दल मला वाईट वाटलं, त्यांच्यात मीही गेले असते.

व्हिटफील्डनं मात्र असं काही बांधलंच नाही. आवाजात तो कितीतरी पुढे, वेस्लीचं बोलणं त्यामानानं कोरडं म्हणायचे. दोघांचं पुढे बिनसलं, देवानं कोणाला तारायचं ते आधीच ठरवून ठेवलंय का यावरून, व्हिटफील्ड म्हणे हो, वेस्ली म्हणे तारण सगळ्यांना खुलं. आणि म्हातारपणी व्हिटफील्ड म्हणाला म्हणे, की वेस्लीनं जागे झालेले लोक क्लासमध्ये बांधून ठेवले, मी ते केलं नाही, माझी माणसं म्हणजे वाळूचा दोर. १७७० साली अमेरिकेतच गेला तो, आणि लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रवचन केलं ते वेस्लीनं.

माझा भाचा सेल्समध्ये आहे, तो अर्थातच व्हिटफील्डच्या बाजूनं. म्हणाला मावशी, गिऱ्हाईक आणलं कोणी? त्यानं आणलं नसतं तर तुझ्या वेस्लीनं वसुली कोणाकडून केली असती? मुद्दा बरोबर होता आणि मला राग आला. तेवढ्यात काकांनी हळूच एक गोष्ट सांगितली आणि भाचा गप्प झाला. व्हिटफील्डनं जॉर्जियात अनाथाश्रम काढला, तो चालवायला गुलाम हवेत म्हणून तिथली गुलामगिरीवरची बंदी उठवा असा आग्रह धरला, १७५१ मध्ये बंदी उठली, आणि स्वतः मरेपर्यंत गुलामांचा मालक राहिला. ज्याला खाणकामगारांच्या गालावरचे ओहोळ दिसले त्याला हे दिसू नये, माझं डोकंच चालेना.

वेस्लीनं १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका काढली, आणि मार्च १७८८ मध्ये, वय ८४, याच खोलीत त्यावर प्रवचन केलं, तेही आधी जाहीर करून. ब्रिस्टलमध्ये! जिथल्या बंदरातून गुलामांच्या व्यापाराची जहाजं सुटायची, गावातला बराच पैसा त्यावर उभा. खोली गच्च भरलेली. निम्मं प्रवचन झाल्यावर अचानक कसला तरी प्रचंड आवाज झाला, लोक एकमेकांच्या अंगावर पडले, बाकांचे तुकडे झाले, सहाएक मिनिटांनी सगळं शांत, आणि म्हातारा पुढे बोलायला लागला. त्याच्या मते ते सैतानाचं काम. मी वसुलीत काम केलंय, माझा संशय सैतानावर जात नाही.

मुंबईच्या म्हटल्यावर काकांनी विचारलं तिकडे मेथडिस्ट आहेत का. आहेत तर! १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर नावाचा अमेरिकन मुंबईत आला, त्यानंही सभा घेतल्या आणि लगेच घराघरांतून छोटे गट पाडले, म्हणजे ब्रिस्टलचाच धडा. त्याला जाऊन मिळाला जॉर्ज बोवेन, जो १८४८ पासून मुंबईत होता आणि मिशनचा पगारसुद्धा नाकारून अगदी साधा राहायचा. अपोलो बंदरला त्याच्या नावाचं बोवेन मेमोरियल चर्च आहे. गेटवेला आपण सगळे जातो, त्याच्याकडे कोण बघतंय.

भाच्याच्या फोनवर पार्किंगचा अलार्म वाजला, काकांचा निरोप घेतला, घोड्यावरच्या वेस्लीच्या पुतळ्याखालून अक्षरशः पळत निघालो. रात्री बहिणीला फोन करून म्हटलं, मुंबईत आले की आपण बोवेनच्या चर्चला जायचं. ती म्हणाली जाऊ, पण आधी कॉजवे, चपला घ्यायच्यात.