परत आलेली किडनी

माउंट मेरीच्या जत्रेत आमचा मेणाचा ठेला असतो. ८ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिवस, त्याला लागून येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर बांद्र्यात पाय ठेवायला जागा नसते. आमची तयारी मात्र पावसाळ्याच्या तोंडालाच सुरू होते. पप्पा पॅराफिन वितळवतात, मी साच्यांत ओतते, आणि घरातल्या आमटीलासुद्धा मेणाचा वास येतो. हात, पाय, डोळे, हृदय, घर, बाळ हा नेहमीचा माल. हल्ली विमान आणि लॅपटॉपही खपतो. डायलिसिसवाले वाढले तेव्हा पप्पांनी किडनीचा साचा करून घेतला. दोन मोठे काजू समोरासमोर ठेवावेत तसा दिसतो.

गिऱ्हाईक सगळ्या जातिधर्मांचं. जे दुखतं ते घ्यायचं, वर चर्चमध्ये जाऊन मोतमाउलीला, म्हणजे मरियामातेला, वाहायचं. हात-पाय सर्वांत जास्त जातात. खुद्द माउलीच्या मूर्तीचा उजवा हात १७०० साली चाच्यांनी तोडला असं सांगतात. हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही असं पप्पांचं म्हणणं आहे, धंद्याला बरं नाही म्हणून.

त्या दिवशी रविवार होता, पाऊस थांबून थांबून पडत होता. गर्दीतून एक बाई थेट ठेल्यापाशी आल्या. गळ्यात क्रूस, हातात जुना आइसक्रीमचा डबा. वसईकडच्या असाव्यात हे बोलण्यावरून कळलं. डबा उघडून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. आत रुमालात गुंडाळलेली आमचीच किडनी होती. उन्हाळ्याने एका बाजूने खचली होती.

"ही परत घ्या," त्या म्हणाल्या.

वाहायचा माल आम्ही परत घेत नाही. तसं मी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. पैसे नकोत, म्हणाल्या. गेल्या जत्रेत घेतली होती. वर जायला निघाल्या आणि मुलाचा फोन आला, तशाच हॉस्पिटलात धावल्या. किडनी कपाटात राहिली. मुलगा मे महिन्यात गेला. पंचविशीतला.

मी स्टूल पुढे केलं. "बसा आँटी."

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यांत सांगितलं, मधे मधे मी मेणबत्त्या विकत होते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आईची किडनी द्यायची ठरलं, तर तपासणीत आईला शुगर निघाली, डॉक्टरांनी नको म्हटलं. मग मृत दात्याच्या किडनीसाठी मुंबईच्या प्रतीक्षायादीत नाव. यादीत नाव लागलं की माणूस फोनकडे बघत बसतो. त्या दर बुधवारी माहीमच्या सेंट मायकलला नोव्हेनाला जायच्या. तिथे १९४८ पासून बुधवारची नोव्हेना चालते. आपल्या विनंतीची चिठ्ठी टाकायची, नऊ बुधवार पूर्ण करायचे. त्यांनी नऊ झाल्यावर पुन्हा नऊ धरले.

"एका बुधवारी मधेच थांबले," त्या म्हणाल्या. "फोन यावा म्हणून मी हात जोडलेत. पण फोन यायचा म्हणजे कुणाचा तरी धडधाकट पोरगा मोटारसायकलवरून पडायला हवा. त्याची आई आयसीयूबाहेर तीच रोझरी म्हणत असणार. देवाने कुणाचं ऐकायचं?"

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

त्यांना दुःखाहून जास्त राग होता, आणि तो देवावर कमी, माणसांवर जास्त. प्रार्थना गटातल्या एकीने अंत्यविधीनंतर आठवड्याच्या आत सांगितलं होतं, विश्वास कुठेतरी कमी पडला असणार. दुसरीने संत मोनिका ऐकवली: वाट चुकलेल्या मुलासाठी, ऑगस्टीनसाठी, सतरा वर्षं रडली आणि मुलगा संत झाला, धीर धरायचा.

हे वाक्य मी स्वतःही लहानपणापासून ऐकलंय. त्यातली एक गोष्ट कुणी सांगत नाही. ऑगस्टीन इटलीला जाऊ नये म्हणून मोनिका कार्थेजच्या किनाऱ्यावर रात्रभर प्रार्थना करत होती, आणि त्याच रात्री तो तिला फसवून गलबतावर चढला. ती मागणी साफ नाकारली गेली. पुढे इटलीतच त्याचा बाप्तिस्मा झाला म्हणून ऑगस्टीनने स्वतः लिहून ठेवलं की देवाने आईचं त्या रात्रीचं मागणं बाजूला ठेवून खरं मागणं पुरवलं. ठीक आहे. पण तो जिवंत होता. ज्या आईचा मुलगा मातीत गेला, तिला मोनिका ऐकवणं म्हणजे दुसऱ्याच्या लॉटरीचं तिकीट दाखवणं. मला तरी असंच वाटतं.

विश्वासाचं म्हणाल तर क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमनीच्या बागेत येशूनेच मागितलं होतं, हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर. झाला नाही दूर. संत पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, निघाला नाही. यांचा विश्वास कमी पडला म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

हे मी आँटींना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "येशू तिसऱ्या दिवशी उठला गं." त्यावर मी गप्प.

मग त्यांनीच विचारलं, "तुमच्याकडे सगळं मिळतं. तक्रार करायची तर काय वाहायचं?"

शेजारचा खाजंवाला हसला, त्याला विनोद वाटला. मला माझी आत्या आठवली. ती नन आहे. तिच्या कॉन्व्हेंटमध्ये सुट्टीत राहायचे तेव्हा रात्री झोपण्याआधीच्या प्रार्थनेला मीही बसायचे. शुक्रवारी रात्रीचं स्तोत्र ठरलेलं: ८८वं. बाकीच्या रडगाण्यांच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी आशेचं वळण येतं. यात येत नाही. तू मला का टाकलंस, माझ्यापासून तोंड का लपवतोस, माझी माणसं माझ्यापासून दूर का केलीस, आणि मग अंधार. तिथेच संपतं. जगभरातले फादर-सिस्टर दर शुक्रवारी हे म्हणून झोपतात. लहानपणी मला भीती वाटायची त्याची.

आँटींना सांगितलं. मोबाइलवर काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून उभ्यानेच वाचलं, पाऊस वाढला म्हणून मी वरून प्लॅस्टिक धरलं.

"हे बायबलमध्ये आहे?"

"आहे."

"आणि कुणी खोडलं नाही?"

"नाही ना."

इतका वेळ पप्पा मागे बसून पुड्या बांधत होते. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही. ते उठले, डब्यातली किडनी काढून तराजूत टाकली, दुसऱ्या पारड्यात साध्या पांढऱ्या मेणबत्त्या ठेवत गेले, काटा बरोबर आला तसं थांबले. मेणाला मेण. मेणबत्त्या कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिल्या.

"या कुणासाठी लावू आता?" आँटींनी विचारलं.

"वाटलं तर लावा, नाही तर लाईट गेल्यावर उपयोगी पडतील," पप्पा म्हणाले.

त्या पहिल्यांदा हसल्या. पुडकं पिशवीत घातलं, पदराने स्टूल पुसलं, आणि जिन्याकडे बघितलं. रांग पार खालच्या रस्त्यापर्यंत आली होती.

"किती वेळ लागेल?"

"दोन तास तरी," मी म्हटलं. "संध्याकाळी आलात तर..."

"लागू देत. तिला जे सांगायचंय ते चांगलं नाहीये, जुळवायला वेळ हवाच."

पप्पांनी खाजंवाल्याच्या पोराला पाण्याची बाटली देऊन त्यांच्या मागे पिटाळलं, आणि मी मेणाचा लॅपटॉप मागणाऱ्या मुलाकडे वळले.