पाचवं अक्षर

एसटीनं अंबाजोगाईच्या स्टँडवर उतरवलं तेव्हा पहाटेचे पावणेसहा वाजले होते. २०२४ सालचा मे, तारीख ३०. हातात दोन दिवस होते, धड दोनही नाहीत. ३१ तारखेच्या रात्रीपर्यंत संस्थेचा १०बीडी प्राप्तिकराच्या पोर्टलवर चढायला हवा होता आणि ४१२ देणगीदारांपैकी १७४ जणांचे पॅन आमच्याकडे नव्हते. म्हणजे होते, पण एका मेलखात्यात होते, आणि ते खातं उघडत नव्हतं.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. देणगीवर प्राप्तिकरात ८०जीची सवलत देणाऱ्या संस्थेला आता नुसती पावती फाडून भागत नाही. २०२१-२२ पासून प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रक्कम, पैसे रोख आले की बँकेतून, हे सगळं १०बीडी नावाच्या विवरणात भरायचं असतं. ते भरलं की पोर्टल प्रत्येकाच्या नावाचं १०बीई प्रमाणपत्र काढून देतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. त्याचं एक वेळ काही नाही. पण प्रमाणपत्र नाही म्हणजे देणगीदाराला वजावट नाही, आणि पुढच्या वर्षी तो माणूस फोन उचलत नाही.

संस्था लहान. दिवाळीच्या आसपास आईबाप आगाऊ उचल घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात, कोयत्याबरोबर पोरांचीही शाळा सुटते. ती सुटू नये म्हणून गावातच ६४ मुलांचं वसतिगृह. मोठा फंडर कुणी नाही. पाचशे, हजार, अकराशे असे देणारे लोक. कार्यालय म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि एक ताई. हिशेब ताई, पावत्या ताई, फोन ताई, गॅस सिलेंडर संपला तर तोही ताईच.

मी पुण्यात बसून अशा संस्थांचे मेल, याद्या, संगणक बघते. एरवी सगळं फोनवर निभतं. या वेळी ताईंचा आवाज ऐकला आणि रात्रीची गाडी धरली.

"मॅडम, मेल उघडंना. म्हणतंय, त्या नंबरवर कोड पाठवलाय. तो नंबर आपला न्हाईच की."

नंबर होता २०११ साली इथे राहून गेलेल्या एका स्वयंसेवकाचा. पोरगा हुशार, त्यानंच हौसेनं फुकटचं जीमेल खातं काढून दिलं होतं आणि अर्थातच स्वतःचा मोबाईल दिला होता. तो आता जर्मनीत. भारतातलं ते सिमकार्ड कधीच बंद पडलेलं. पासवर्ड पावती पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर आतून लिहिलेला होता, त्यामुळे तेरा वर्षं कुणाला काही जाणवलं नाही. कार्यालयातला जुना डेस्कटॉप खात्याला ओळखत होता, तो कधी काही विचारायचा नाही. आठवड्यापूर्वी तो डेस्कटॉप मेला. ताईंनी भाच्याच्या लॅपटॉपवर पासवर्ड टाकला आणि दार बंद झालं.

मी वाटेत अर्धा डझन उपाय योजून ठेवले होते. खातं परत मिळवण्याचे फॉर्म, जर्मनीतल्या पोराला फोन, कंपनीला अर्ज. शेवटी उपयोगी पडला स्टँडामागचा संगणक दुरुस्तीवाला. त्यानं डबा उघडला, नाकानं वास घेतला आणि म्हणाला, "एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, गेला. मदरबोर्ड चांगलाय. साडेसहाशे रुपये, दुपारपर्यंत." साडेसहाशे! मी दोन रुपये कमी कर असंसुद्धा म्हटलं नाही.

दुपारपर्यंत करायचं काय, तर जे हाताशी आहे ते नीट करायचं. ताईंची एक्सेल फाइल उघडली. नावांच्या रकान्यात नुसता कचरा: स्वल्पविराम, डॉलर, कंस, मध्येच एखादं इंग्रजी अक्षर. जुन्या काळचा मराठी फॉन्ट. ज्या यंत्रावर तो फॉन्ट आहे तिथे सुबक मराठी, दुसरीकडे नेलं की हे. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फुकट मिळतात, पण ती पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लावतात. शिंद्यांचे 'शदिं' झाले, किसनचा 'कसिन'. एकेक नाव हातानं सरळ केलं. त्यात सीए साहेबांना नावं इंग्रजी अक्षरांत हवी होती, म्हणजे ती मेहनत आणखी एकदा.

ताई शेजारी बसून वहीतून वाचून दाखवत होत्या. ती वही मी आधीही पाहिली होती, पण नीट पाहिली नव्हती, हे इथे कबूल केलेलं बरं.

कारण २०२१ मध्ये याच संस्थेला मी मोठ्या थाटात सिव्हीसीआरएम बसवून दिलं होतं. देणगीदारांच्या नोंदी ठेवणारी मुक्त प्रणाली, स्वयंसेवी संस्थांसाठीच २००५ पासून बनत आलेली, परवान्याचे पैसे शून्य. मी दोन दिवस प्रशिक्षण दिलं, फोटो काढले, पुण्याला गेले. त्यात ताईंनी एकूण ११ देणगीदार भरले आणि थांबल्या. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, काय करणार, सवय नाही या लोकांना.

आता वही बघताना कळत होतं का थांबल्या ते. प्रणालीला नाव आणि आडनाव वेगळं हवं, नाहीतर ईमेल हवा. ताईंच्या देणगीदारांत 'गल्लीतलं गणेश मंडळ' होतं, 'कै. बापूंच्या स्मरणार्थ, तिघे भाऊ मिळून' होतं. आणि वहीत लाल रेघा मारून एक रकाना होता: 'कशानिमित्त'. मुलीचा वाढदिवस. वडिलांचं वर्षश्राद्ध. बोअरला पाणी लागलं. त्याच्या पुढचा रकाना, 'फोन केला का'. त्या तिथीच्या दोन दिवस आधी ताई फोन करतात, पैशाचं बोलतच नाहीत, नुसती आठवण काढतात. दरवर्षी पैसे येतात ते या दोन रकान्यांमुळे. माझ्या प्रणालीत शेकडो गोष्टी होत्या, हे दोन रकानेही त्यात करता आले असते. पण त्यासाठी मी आधी वही उघडायला हवी होती. वर सर्व्हरचं भाडं संस्थेनं तीन वर्षं भरलं. फुकटच्या वस्तूचं.

एक वाजता डेस्कटॉप आला. चालू केला, घरघरला, पंख्यातून धुळीचा लोट आला आणि ब्राउझर उघडल्यावर मेलखातं समोर, जसं काही झालंच नव्हतं. ताईंनी हात जोडले, मी त्यांच्याकडे बघून हसले आणि मग मीही जोडले. पहिलं काम म्हणजे सगळी मेल उतरवून घेतली. मग खात्यातला नंबर बदलला.

'कृपया पॅन पाठवा' या ताईंच्या मेलला आलेली उत्तरं. कुणी आकडा लिहिलेला, कुणी कार्डाचा फोटो, कुणी दोन्ही बाजूंचा आधारचा फोटो, कुणी का कोण जाणे बँकेच्या पासबुकाचाही. इतक्या लोकांचे इतके कागद एका पुठ्ठ्यावरच्या पासवर्डामागे पडून होते. वैयक्तिक विदेच्या, म्हणजे डेटाच्या, संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाला, मी त्यावर कार्यशाळा घेतलेली आहे, आणि ही संस्था माझ्याच यादीतली.

साडेतीनपर्यंत १७४ पैकी १६१ पॅन लागले. उरलेल्या काहींचे आधार होते. आता खरे-खोटे तपासायचं. पॅन दहा अक्षरांचा: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. चौथं अक्षर पी असेल तर व्यक्ती, सी असेल तर कंपनी, टी म्हणजे न्यास. आणि माणसाच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर हे आडनावाचं पहिलं. त्यामुळे एक्सेलमध्ये एक छोटं सूत्र टाकलं की ज्यांचं आडनाव किंवा अक्षर-आकड्यांची जागा जुळत नाही ते लाल होतात. शून्य आणि ओ यांची अदलाबदल, दुसऱ्याच्या ओळीत पडलेला आकडा, असं बरंचसं पकडलं जातं.

एकोणीस नावं लाल झाली. मी सगळ्यांना फोन करायची यादी करायला घेतली. ताईंनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

"मॅडम, यातल्या चौदा तर बाया हायेत."

"मग?"

"मग काय. माहेरच्या आडनावावर काढलेलं कार्ड असंल."

मी माझं स्वतःचं कार्ड पर्समधून काढलं. लग्नाला अठरा वर्षं झाली. कार्डावरचं नाव मी पुढे बदलून घेतलं, क्रमांक तोच राहतो. पाचवं अक्षर अजून माझ्या वडिलांच्या आडनावाचं. रोज वापरते तो क्रमांक, बँकेत, विवरणपत्रात, आणि कधी हे लक्षातच आलं नव्हतं.

ताईंनी चौदांपैकी आठ जणींचं तिथल्या तिथे सांगून टाकलं. ही देशमुखांची लेक, डी बरोबर आहे. ही धारूरच्या मुंड्यांची, एम बरोबर. उरलेल्या सहांना फोन लावले. त्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, पंच्याहत्तरीच्या. वर्षाला अकराशे रुपये, निमित्ताच्या रकान्यात 'वडील'. फोन स्पीकरवर होता.

"बाई, एक विचारायचं होतं. तुमचं माहेरचं आडनाव 'क' वरून हाय का?"

पलीकडे इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की ताईंनी फोन कट झाला का ते बघितलं.

"कुलकर्णी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं? आता ते नाव माहीत असलेलं कुणी उरलं नाही."

ताईंनी पाचव्या अक्षराचं समजावून सांगितलं. बाईंनी ते दोनदा विचारलं. मग कार्ड आणायला गेल्या, चष्मा शोधला, आणि अक्षरं मोठ्यानं वाचली. पाचव्याशी थांबल्या. "आहे की," म्हणाल्या, आणि पुढचं वाचायला विसरल्या. चार आकडे ताईंना परत विचारून घ्यावे लागले.

एकोणीसांपैकी बाया सोडून उरलेल्या पाचांत तीन टायपिंगच्या चुका, दोन जणांनी दुसऱ्याच कुणाचा पॅन दिलेला.

पुढचं सगळं नेहमीचं. फाइल पोर्टलच्या साच्यात ओतली. एक्सेलनं आधारचे बारा आकडे गिळून त्याजागी ई अधिक अकरा असलं काहीतरी करून ठेवलं होतं, तो रकाना मजकूर म्हणून पुन्हा भरला. सात वाजता वीज गेली, इन्व्हर्टरवर काम चाललं. साडेनवाला सीए साहेबांनी फाइल चढवली आणि ओटीपी अध्यक्षांच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर गेला. अध्यक्ष शेतावर, मोबाईल घरी चार्जिंगला. त्यांची सून म्हणाली, "मी वाचून दाखवू का?" दाखवला. पोचपावती क्रमांक आला तेव्हा दहा वाजायला वीस मिनिटं होती. ताईंनी तो वहीत लिहिला आणि मगच डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोघींत.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं निघाली. फुकटच्या खात्यातून स्क्रिप्ट लावून दिवसाला १०० जणांनाच मेल जातात, म्हणून शंभर तसे पाठवले आणि बाकीचे ताईंनी व्हॉट्सॲपवर, एकेक करून, प्रत्येकाला दोन शब्द लिहून. मला विचाराल तर तेच जास्त वाचले गेले असतील.

त्यानंतरच्या महिन्यात जे केलं ते तीन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. संस्थेच्या नावाचं डोमेन घेतलं, माझ्या नाही. गुगल नोंदणीकृत ना-नफा संस्थांना वर्कस्पेस, म्हणजे स्वतःच्या डोमेनवरची मेल वगैरे, विनामूल्य देतं, त्यासाठी न्यासाचे कागद लावून अर्ज केला आणि मंजुरी आली. डोमेनच्या नोंदीत एसपीएफ आणि डीकेआयएमच्या, म्हणजे मेल खरंच आपलीच आहे हे पटवणाऱ्या, ओळी घातल्या, कारण फेब्रुवारी २०२४ पासून त्यांच्याशिवाय आलेली मेल जीमेल दारातच अडवू शकतं. ओटीपीसाठी संस्थेच्या नावाचं सिमकार्ड, बटणांच्या फोनमध्ये, लोखंडी कपाटात. दोन ट्रस्टींकडे राखीव कोडांचा कागद. सिव्हीसीआरएम बंद केलं. त्याच्या जागी एक साधी शीट, जिचे रकाने वहीवरून उतरवले, त्याच क्रमानं, मराठीत, 'कशानिमित्त' धरून.

गुगलची ही सवलत धंद्याला नाही, हे जाता जाता सांगते. शेजारच्या तालुक्यातल्या महिलांच्या उत्पादक कंपनीनं लगेच फोन करून तेच मागितलं. त्या कंपनी आहेत, न्यास नाहीत. त्यांना बंगळुरूच्या झेरोधा या शेअर दलाली कंपनीतल्या कैलाश नाध यांनी बनवलेलं, यादीतल्या सगळ्यांना मेल पाठवणारं लिस्टमंक बसवून दिलं, मुक्त आहे, आणि मेल ॲमेझॉनच्या सेवेतून जातात, हजाराला दहा सेंट. या वेळी मी आधी विचारलं की यादी सध्या कुठे लिहिता. म्हणाल्या, तिघींच्या मोबाईलमध्ये. मग तीन दिवस तेच काम होतं.

जूनच्या शेवटी ताईंचा एक फोटो आला. नव्या वर्षाची वही, शंभर पानी, लाल रेघा. नाव, पत्ता, पॅन, रक्कम, कशानिमित्त, फोन केला का. आणि शेवटी, समासात जागा नसतानाही कशीबशी बसवलेली आणखी एक रेघ, वर लिहिलेलं: 'माहेर'.