रत्नागिरीत मायक्रोसोम काढताना

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं शोधनिबंधात मांडलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि आमच्या फार्मसी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले. तेव्हा घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता, आमच्याही घरी. त्या रुग्णांमध्ये दिसलेला प्रकार ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या वळणाचा होता, म्हणजे प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटलेली. ते तपासणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. पण काढा पिणारी माणसं बीपीच्या, शुगरच्या गोळ्याही घेत असतात. त्या गोळ्यांचा निचरा करणाऱ्या एन्झाइमांना काढा आडवा येतो का, हे मात्र परीक्षानळीत बघता येतं. पीएच.डी.ला तोच विषय घेतला.

त्यासाठी लागतात लिव्हरचे मायक्रोसोम. पेशी फोडल्या की आतल्या पडद्यांच्या जाळ्याचे बारीक बारीक तुकडे होतात, ते हे. सायटोक्रोम पी-४५० जातीची बहुतेक एन्झाइमं त्यांतच रुतून बसलेली असतात. पुस्तकी पद्धतीत लिव्हर वाटून जड भाग आधी खाली बसवायचा आणि वरचा द्रव अल्ट्रासेंट्रिफ्यूज या अतिवेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात १,००,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट) जोराने तासभर फिरवायचा. हे यंत्र आमच्याकडे नाही, आणि नजीकच्या काळात येईल अशी लक्षणंही नाहीत. गाइडनी १९७०च्या दशकातली कॅल्शियम क्लोराइडची पद्धत शोधून दिली. कॅल्शियम पडलं की मायक्रोसोम नासलेल्या दुधासारखे एकमेकांना धरतात आणि पुष्कळ कमी वेगातही तळाशी बसतात.

उंदरांसाठी फॉर्म बी भरून प्राणी नैतिकता समितीकडे दिला होता. मंजुरी येईपर्यंत हात बसावा म्हणून बोकडाच्या कलेजीवर सुरुवात केली. अडचण अशी की दुकानात कलेजी गिऱ्हाईक येईपर्यंत टांगलेली असते, आणि मला ती कापल्यावर लगेच थंडगार हवी. खाटीकचाचांना हे समजावताना माझी कसोटी लागली. "मॅडम, खायला नको तर एवढी ताजी कशाला?" असं त्यांनी विचारलं खरं, पण दुसऱ्या खेपेपासून ते आधी कलेजी काढून द्यायला लागले. पित्ताची पिशवी न फोडता काढण्यात त्यांचा हात आमच्यापेक्षा कितीतरी सफाईचा. पित्त सांडलं की मटण कडू होतं म्हणून ते जपतात. मला धास्ती वेगळी: पित्तातले क्षार साबणासारखे असतात, पडदे विरघळवतात, एन्झाइम बिघडवतात.

बर्फ मिरकरवाडा बंदरावरून. मासळीच्या पेट्यांत घालतात तो चुरा थर्माकोलच्या खोक्यात भरून आणायचा. त्याला वास येतो, म्हणून तो फक्त भांड्याच्या बाहेरून. आत १.१५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं गार द्रावण, त्यात रक्ताचा रंग जाईपर्यंत कलेजी धुवायची. जून-जुलैत मासेमारी बंदी लागली की आमचा बर्फवालाही दिसत नाही. मग डीप फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या. पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे नमुने साठवायचेच नाहीत. काढले त्याच दिवशी मोजायचे.

मोजायची रीत जपानच्या ओमुरा आणि सातो यांची, १९६४ची. मायक्रोसोममध्ये डायथायोनाइट हे रसायन टाकायचं, कार्बन मोनॉक्साइडचे बुडबुडे सोडायचे आणि कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर बघायचं. एन्झाइम धड असेल तर ४५० नॅनोमीटरला टेकाड उठतं. बिघडलेलं असेल तर ते ४२०ला सरकतं. वायू विषारी आणि वासही नाही, म्हणून सगळं फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वायू बाहेर ओढून टाकणाऱ्या कपाटात. विद्यार्थ्यांना मी तिथे फिरकू देत नव्हते.

माझं टेकाड बरेच दिवस ४२०लाच. मायक्रोसोम ज्या द्रावणात ठेवतात त्याला बफर म्हणतात; गाइडनी फोनवर एकच विचारलं, "बफरमध्ये ग्लिसरॉल किती?" आमच्या हाती असलेल्या कृतीत ते नव्हतंच. २० टक्के घातलं, कलेजी थेट बर्फात आली, आणि ४५०ला टेकाड आलं. ४२०ला छोटा खांदा राहिला, पण तेवढं चालतं.

पुढची चाचणी ॲनिलिन या रसायनाची. पी-४५० जातीतलंच सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्याचं पॅरा-ॲमिनोफिनॉल करतं, त्याला फिनॉलबरोबर निळा रंग येतो, तो ६३०ला वाचायचा. पॅरासिटामॉलचा विषारी अंश बनवण्यात हेच एन्झाइम पुढे असतं, म्हणून माझा याच्यावर डोळा. पण गुळवेलीचा अर्क स्वतःच रंगीत! प्रत्येक मात्रेला वेगळा ब्लँक, म्हणजे अर्काचा स्वतःचा रंग वजा करण्यासाठीची तुलनेची नळी, लावावा लागला. अशा स्वस्त रंगचाचण्यांनी अर्कांबद्दल ठाम विधानं करणारे निबंध वाचताना मी आता आधी ब्लँक शोधते.

दरम्यान समितीची बैठक लागली. तिथल्या पशुवैद्यांनी सरळ विचारलं, "खाटकाकडच्या कलेजीवर काम होतंय, तर उंदीर कशाला?" प्रश्न रास्त होता. परीक्षानळीत एन्झाइमला अडथळा होतो का ते कळतं. पण रोज काढा दिल्यावर लिव्हर ते एन्झाइम जास्त बनवू लागतं का, हे जिवंत प्राण्याशिवाय दिसत नाही. हे सांगितल्यावर त्यांनी तेवढ्यापुरतेच उंदीर मागायला सांगितलं. अडथळ्याचा सगळा भाग मी बोकडावर ठेवला, उंदरांचे दोन गट कमी केले, आणि सुधारलेला फॉर्म बी मंजूर झाला.